तिसऱ्या ओळीशी थांबलेली साथ

परीक्षेच्या खोलीत पियानोवर बसलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही. परीक्षक उमेदवाराकडे बघतो आणि उमेदवार समोरच्या कागदाकडे. साथ करणारा भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो, आणि काम नीट झालं तर तो खोलीत होता हेही नंतर कोणाला आठवत नाही. टेकूकाकांनी हे काम बत्तीस वर्षं केलं होतं, आणि नीट केलं होतं.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली ड्रायव्हिंग स्कूल, वर संगीत परीक्षा केंद्र. त्यामुळे जिन्यावर हाताला घाम फुटलेली दोन प्रकारची माणसं भेटत, आणि त्यातली कोण कुठल्या परीक्षेला आली आहेत हे हातातल्या वाद्याच्या पेटीवरूनच कळे. व्हायोलिन, फ्लूट, क्लॅरिनेट, काहीही वाजवायचं असलं तरी मागे पियानोची साथ लागते. ज्याच्याकडे स्वतःचा साथीदार नाही त्याला केंद्राकडून काका मिळत.

टेकू हे नाव एका उमेदवाराच्या आजोबांनी ठेवलं. नातीने भीतीपोटी अर्धं पान गाळलं, काकांनीही तिच्यासोबत अर्धं पान गाळलं, आणि परीक्षकाच्या भुवईलाही ते कळलं नाही. बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "हा पियानो नव्हे हो, टेकू आहे. भिंत पडायची ती उभी राहिली." तेव्हापासून मुलं तोंडावर काका आणि पाठीमागे टेकूकाका म्हणत. काकांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

कोणी ओळ गाळली की काका पुढे उडी मारत. कोणी घाबरून तीच ओळ पुन्हा धरली की माघारी येत. पान उलटताना कोणाचा हात अडखळतो, वरच्या सुराआधी कोण आवंढा गिळतं, हे त्यांना आठवावं लागत नसे. ते हातांना माहीत असे.

हे सगळं ज्या बाईमुळे गोत्यात आलं, ती चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायची. केंद्रात तिला सगळे चष्मेवाली म्हणत. वय एक्केचाळीस. पस्तिसाव्या वर्षी फ्लूट हातात घेतलेली, आणि आता सहाव्या परीक्षेशी येऊन अडकलेली. गावातल्या हौशी वाद्यवृंदात फ्लूटची एक खुर्ची रिकामी होणार होती. अट एकच, सहावी परीक्षा पास. ती खुर्ची या वर्षअखेरपर्यंत तिच्यासाठी धरून ठेवू, असं वाद्यवृंदाने तिला लेखी कळवलं होतं. त्यानंतर दुसरं कोणीतरी.

गेल्या वर्षी ती तीन गुणांनी नापास झाली होती. साथीला काकाच होते. परीक्षकाने शेऱ्यात लिहिलं होतं, 'उमेदवाराची लय साथीदाराच्या भरवशावर आहे.'

तिने तो कागद काकांना जिन्यातच वाचून दाखवला होता.

"म्हणजे काय हो काका?"

"म्हणजे काही नाही. लिहायचं म्हणून लिहितात."

"मी कुठे थांबते का?"

"श्वास तर सगळेच घेतात," काका म्हणाले होते.

ती थांबत होती. परीक्षेच्या संथ तुकड्यात तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक लांब सूर होता. तो संपला की ती खोल पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घ्यायची. तसंच सहाव्या ओळीत, आणि तसंच शेवटच्या ओळीच्या आधी. काका तिन्ही ठिकाणी तिच्यासाठी थांबत. ती दम घेऊन आली की पुढे निघत.

या वर्षी परीक्षा मंडळाचं परिपत्रक आलं. यापुढे थेट साथ किंवा ध्वनिमुद्रित साथ, दोन्ही चालतील. मुद्रित साथ केंद्राने आपल्या साथीदाराकडून करून घ्यावी. परीक्षेपूर्वी उमेदवाराला फक्त पहिल्या दोन ओळी ऐकवाव्यात, आवाज कमी-जास्त करून घेण्यापुरत्या. म्हणजे सगळ्यांना सारखाच न्याय.

केंद्रप्रमुख बाईंनी काकांना बोलावून घेतलं. "काका, चौदा तुकडे आहेत. एकदा वाजवून ठेवा, मग तुम्हीही सुटलात आणि मीही."

"मी कुठे अडकलो होतो?"

"परीक्षेच्या आठवड्यात तुम्हाला ताप आला की मला कापरं भरतं, म्हणून म्हणते."

काकांना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांची लेक रेडिओवर काम करायची, बातम्यांचे तुकडे कापून जोडायची. तिच्याकडून त्यांनी ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र आणलं. एका मंगळवारी सकाळी कागदांच्या स्टँडनी भरलेल्या मागच्या खोलीत खिडकीला दोन घोंगड्या लावल्या आणि लाल बटण दाबून ते बसले. लेकीने टकटक करणारं मेट्रोनोमही बरोबर दिलं होतं. काकांनी ते पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची लय सांभाळलेल्या माणसाने कानाशी टकटक लावून बसायचं म्हणजे आचाऱ्याने पुस्तकात बघून पाणी उकळायचं.

एकट्याने वाजवताना सुरुवातीला त्यांना थोडं चमत्कारिक वाटलं. समोर कोणी नाही, खोलीत आवाज फक्त आपला. पण दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यापासून हात मोकळे झाले. दुपारपर्यंत चौदाही तुकडे झाले. केंद्रप्रमुख बाईंनी चार ठिकाणी ऐकून "छान, अगदी तुमच्यासारखं" म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात चष्मेवाली आली. फॉर्मवर कुठल्या साथीसमोर खूण केली आहे हे ती काकांना स्वतः सांगायला आली होती.

"काका, या वेळी तुम्ही नको."

"बरं."

"रागावलात?"

"राग कसला? मुद्रित साथ म्हणजे तरी मीच की."

"तुम्हीच, पण ती थांबणार नाही ना! मला तेच हवंय." ती हसली. "दुकानात काच अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर फ्रेमीत बसत नाही. आणि इथे मी दम लागला म्हणून अख्खी गाडी थांबवते. चार महिने झाले, रोज सकाळी मेट्रोनोम लावून बसते. तो श्वास घालवलाय मी. तिन्ही जागचा."

"श्वास घालवलात? मग जगता कशा?"

"छोटा घेते. सराइतासारखा."

काकांनी शुभेच्छा दिल्या. जिना उतरणारी तिची पावलं त्यांना एका लयीत वाटली, आणि आपल्याला हे असं वाटावं याचं त्यांना जरा हसू आलं.

परीक्षेच्या दिवशी काकांना फक्त दोन उमेदवार होते. उरलेला वेळ ते व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. बत्तीस वर्षांत त्या बाकावर ते प्रथमच बसत होते. बाकाचा एक पाय आखूड आहे आणि उमेदवार एवढे का डुलतात याचा उलगडा त्यांना तेव्हा झाला.

संथ तुकडा घेतलेले उमेदवार अकरा होते, कारण तो फ्लूट, व्हायोलिन, क्लॅरिनेट तिघांनाही चालायचा. एकेक जण आत जाई, आतून काकांचा पियानो सुरू होई आणि काका बाहेर बसून तो ऐकत. आपण दाराच्या दोन्ही बाजूंना आहोत हे त्यांना पटत नव्हतं.

पहिली मुलगी बाहेर आली तीच कपाळाला आठ्या घालून. "काका, मधेच पियानो कुठे गेला?"

"जाईल कुठे? तिथेच होता."

दुसरा व्हायोलिनवाला म्हणाला, "मी पुढे गेलो हो. कसा गेलो कळलंच नाही." तिसरी रडायलाच लागली. काकांनी तिला पाणी दिलं. दारातून त्यांनी सगळ्यांचं ऐकलं होतं आणि त्यांना स्पष्ट कळत होतं की ही पोरं घाई करताहेत. तिसऱ्या ओळीशी तर अगदी सुटलेल्या वासरासारखी. आजकालच्या शिक्षकांना झालंय तरी काय?

चष्मेवाली आठवी होती. तिचा आवाज काकांनी भिंतीपलीकडूनही ओळखला. पहिल्या दोन ओळी सुरेख गेल्या. तिसऱ्या ओळीचा लांब सूर आला, संपला, आणि ती पियानोच्या आधी पुढच्या ओळीत शिरली. काकांची बोटं गुडघ्यावर आपोआप हलली, तिला गाठायला. पण आतला पियानो काही हलला नाही. तो आपल्या वेळेने आला. मग ती थबकली, तोवर तो पुढे निघून गेला. सहाव्या ओळीत तेच झालं, आणि शेवटी पुन्हा तेच.

ती बाहेर येऊन बाकावर बसली. फ्लूटचे तीन भाग सोडवून ती एकेक पुसू लागली.

"मी घाई केली, काका."

"हो. ऐकलं."

"पण मी घाई कशी करीन? मला तर उशीर व्हायचा!"

उशीर करणाऱ्या बाईने चार महिने मेहनत करून घाई शिकावी, हे त्यांच्या बुद्धीपलीकडचं होतं. "ताण येतो," ते म्हणाले.

"मला नव्हता आलेला. तोच तर घोळ आहे." तिने पेटी बंद केली, पुन्हा उघडली, आत सगळं आहे का बघितलं, पुन्हा बंद केली.

निकाल दहा दिवसांनी आला. पास व्हायला पासष्ट लागत. चष्मेवालीला त्रेसष्ट होते. बाकीचे दहा कसेबसे तरले होते. पण परीक्षकाने केंद्रासाठी वेगळा कागद जोडला होता. 'संथ तुकडा वाजवणारे अकराही उमेदवार तिसऱ्या व सहाव्या ओळीच्या शेवटी आणि अंतिम ओळीपूर्वी घाई करतात. संबंधित शिक्षकांनी लक्ष द्यावे.'

संबंधित शिक्षक तीन होते आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. केंद्रप्रमुख बाईंनी तिघांना एकाच खोलीत बसवलं.

"माझी मुलं घाई करत नाहीत," व्हायोलिनवाले सर म्हणाले. "यांची करत असतील."

"आमची? आमची तर तुमच्यामुळे बिघडली. शेजारच्या खोलीत तुमचा वर्ग असतो, आवाज इकडे येतो," क्लॅरिनेटच्या बाई म्हणाल्या.

फ्लूटचे मास्तर स्वभावाने गरीब. ते म्हणाले, "अकरा जण, तीन शिक्षक, जागा त्याच तीन. याला साथीचा रोग म्हणतात."

"विनोद नकोत," केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या. "स्पीकर बघू या."

स्पीकर बिनतारी होता. बिनतारी स्पीकरमध्ये आवाज उशिरा पोचतो, असं सरांनी कुठेतरी वाचलं होतं. मग वायर लावली. मग वायर बदलली. मग फोन बदलला. दर वेळी संथ तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला आणि चौघे माना वाकवून खरखर येते का ते ऐकत राहिले. खरखर कुठेच नव्हती. पाचव्या वेळी काकांना बोलावलं.

काकांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "एकदम चोख."

सगळ्यांचा काकांच्या कानावर विश्वास होता, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. बैठक उठली तेव्हा कोणालाच काही कळलेलं नव्हतं, आणि सरांना वाटत होतं की क्लॅरिनेटच्या बाईंना कळलं आहे पण त्या ताकास तूर लागू देत नाहीत.

रविवारी दुपारी लेक घरी आली होती. काकांनी सहज म्हणून तिला हा किस्सा सांगितला. तिने मुद्रण संगणकावर घेतलं, शेजारी मेट्रोनोमची टकटक लावली आणि दोन्ही एकदम सुरू केलं. काकांची बायको औषधांच्या दुकानातली पाळी संपवून नुकतीच आली होती. चप्पल न काढताच ती दारात उभी राहून ऐकू लागली.

दोन ओळी पियानो आणि टकटक हातात हात घालून चालले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी टकटक पुढे गेली.

"हे बघा," लेक पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "पाऊण सेकंद. इथे काहीच नाही."

"यंत्र बिघडलंय तुझं."

"यंत्र पुढे बरोबर चाललंय. सहाव्या ओळीत पुन्हा. आणि इथे शेवटी पुन्हा. बाबा, तुम्ही कोणाची वाट बघताय इथे?"

काका "कोणाची म्हणजे" एवढंच म्हणाले. त्या पाऊण सेकंदात त्यांना श्वास ऐकू आला होता. मुद्रणात तो नव्हता. मुद्रण करताना त्या खोलीत घोंगड्या आणि स्टँड सोडून कोणी नव्हतं. तरी त्यांनी चष्मेवालीला दम घेऊ दिला होता, तिन्ही जागी, जितका तिला लागायचा तितकाच.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

त्यांनी चार वेळा ऐकलं. टकटकीशिवाय ऐकलं की साथ त्यांना अजूनही चोख वाटे. टकटकीबरोबर ऐकलं की ती चुकलेली असे. दोन्ही कान आपलेच, आणि त्यांच्यातलं खरं कोण बोलतंय हे त्यांना ठरवता येईना.

लेकीला आता चेव आला होता. तिने उरलेले तेरा तुकडेही लावले. क्लॅरिनेटच्या एका जलद तुकड्यात दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला दोन ठोके जादा निघाले.

"हे पान उलटायला," काका हळूच म्हणाले. "बँकेतले कारकून होते एक. त्यांना पान सुटायचं नाही. पण ते तर सहा वर्षांपूर्वी बदलून गेले."

"आणि हे?"

"ही जुळ्यांपैकी धाकटी. वरच्या सुराला घाबरायची. लग्न झालं तिचं."

"आणि इथे तर तुम्ही एक अख्खी ओळच दामटून नेलीय."

"तो एक होता, त्याला संपवायची घाई असायची."

लेक खुर्चीत मागे रेलली. "बाबा, हे मुद्रण नाहीये. हे हजेरीपत्रक आहे."

दारातून बायको म्हणाली, "लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी चप्पल घालेपर्यंत कधी थांबला नाहीत हो. आणि या भुतांसाठी थांबता?"

काकांना हसू आलं नाही. ते पियानोवर जाऊन बसले. लेकीने मेट्रोनोम लावलं. ते संथ तुकडा टकटकीबरोबर वाजवू लागले. तिसऱ्या ओळीशी आले, न थांबता पुढे गेले, आणि त्यांना बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावल्यासारखं झालं. पुन्हा वाजवलं, पुन्हा तसंच. टकटक बंद करून वाजवलं तर लेक म्हणे, "थांबलात." त्यांना थांबल्याचं कळलेलं नसे.

"मग माझी स्वतःची लय कुठली?" त्यांनी विचारलं. ते लेकीला विचारत होते की बायकोला, हे स्पष्ट नव्हतं. बायको आत जाऊन चहा टाकायला लागली.

सोमवारी काका केंद्रप्रमुख बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांना ते दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे ती बाई खोलीत नव्हती."

"नव्हती."

"पण तुम्ही तिच्यासाठी थांबलात."

"हो."

"आणि तिने तेवढ्यात ती सवय सोडली."

"म्हणून तीच पडली सगळ्यात जास्त. तिने जागा घोटून बसवली होती ना, अगदी घट्ट. बाकीचे लगेच बिचकून मागे आले, ही उशिरा थबकली."

बाईंनी कपाळ चोळलं. "काका, अळीमिळी गुपचिळी. आपण स्पीकर बिघडला होता म्हणून कळवू. पुढच्या वेळी नवं मुद्रण."

"स्पीकर बिघडला तर फेरपरीक्षा मिळते?"

बाईंनी नियमांची फाइल काढली. मिळत नव्हती. उपकरण ठीक असल्याची सही प्रत्येक उमेदवार आधीच करून देई. फेरपरीक्षा मिळायची ती केंद्राने पुरवलेल्या साथीत चूक झाली तरच, तीही नापास झालेल्यालाच, आणि साथीदाराने चूक लेखी कबूल केली असेल तर.

"बत्तीस वर्षांत तुमच्या नावावर एक ओरखडा नाही," बाई म्हणाल्या. "नीट विचार करा. हात दाखवून अवलक्षण आहे हे."

"वर्ष संपायला किती दिवस आहेत?"

"सव्वीस."

काकांनी तिथेच बसून अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर दोघांचा पाऊण तास गेला. 'अनुपस्थित उमेदवाराची साथ केली' हे वाक्य बाईंनी खोडलं, कारण मंडळात ते वाचणारा माणूस शुद्धीवर राहायला हवा होता. शेवटी लिहिलं, 'साथीदाराकडून तीन ठिकाणी लय चुकली.' एवढं लिहिल्यावर ते अगदीच साधं दिसलं, आणि काकांना ते खरंही वाटेना आणि खोटंही वाटेना.

तिसऱ्या दिवशी मंडळाचं उत्तर आलं, तसे ते चष्म्याच्या दुकानात गेले. मागच्या खोलीत ती घासणीच्या चाकावर काच धरून बसली होती. चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती. काकांनी चाक बंद व्हायची वाट पाहिली. ते तिने बंद केलं नाही, म्हणून त्यांना मोठ्याने सांगावं लागलं.

ऐकून झाल्यावर तिने चाक थांबवलं.

"म्हणजे मी बरोबर होते?"

"बरोबर होतात."

"आणि तुम्ही चूक?"

"तसं लिहून दिलंय."

"चार महिने, काका. सकाळी सहाला उठून. नवरा म्हणायचा, हे टकटक बंद कर नाहीतर मी घर सोडतो. मी माझा श्वास घालवला, आणि तुम्ही तो जपून ठेवलात?"

"मुद्दाम नाही हो."

"मुद्दाम केलं असतंत तर बरं होतं. भांडता तरी आलं असतं." तिने काच उजेडाकडे धरून बघितली. "गेल्या वर्षी मी विचारलं होतं, मी थांबते का. तुम्ही काय म्हणालात? श्वास सगळेच घेतात! तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"नापास झाल्यावर काय मला गुदगुल्या झाल्या?"

समोर एक गिऱ्हाईक घंटी वाजवत होतं, पण ती उठली नाही.

"फेरपरीक्षा कधी?"

"अठरा दिवसांनी. पण चौदाही मुद्रणं मंडळाने रद्द केलीत. नवी मंजूर व्हायला दोन महिने लागतील. साथ थेटच घ्यावी लागेल."

"म्हणजे तुम्ही."

"दुसरं कोणी बघता आलं तर बघा."

"अठरा दिवसांत कोण मिळणार?" तिने काच फ्रेमीत दाबली. बारीक आवाज होऊन ती बसली. "तुम्हीच या. पण थांबायचं नाही. मी पडले तरी नाही. थांबलात तर मी फ्लूट खाली ठेवीन आणि परीक्षकाला सांगीन का ठेवला ते."

ते अठरा दिवस काकांनी मेट्रोनोमबरोबर काढले. बायको कामावर जाताना टकटक चालू असे आणि येई तेव्हाही. काही दिवस त्यांना जमे, काही दिवस जमत नसे, आणि जमलं की नाही हे त्यांचं त्यांना कळतच नसे. लेकीला फोनवरून ऐकवावं लागे. सरावाला चष्मेवाली तीनदा आली. तिसऱ्या ओळीशी आलं की दोघेही अंग चोरून पुढे जात, अंधारात जिन्याची पायरी आहे की नाही हे माहीत नसलेल्या माणसांसारखे.

"आत्ता थांबलात?" ती विचारी.

"नाही बहुतेक."

"मला वाटलं थांबलात."

"मला वाटलं तुम्ही थांबलात."

फेरपरीक्षेला परीक्षक नवा होता, सर्दी झालेला. त्याने दोघांना पाणी विचारलं आणि सुरू करायला सांगितलं.

पहिल्या दोन ओळी गेल्या. तिसऱ्या ओळीचा लांब सूर संपला. काका मोजत होते. ते पुढे गेले आणि तीही त्यांच्याबरोबर होती, काटेकोर. छोटा श्वास, सराइतासारखा. काकांच्या मानेवरून घाम उतरला.

सहाव्या ओळीशी ती खरंच कमी पडली. का, हे कोणालाच कळलं नाही. श्वास पुरला नाही. काकांना ते सुराच्या मध्यातच कळलं. सूर कापरा झाला, आणि बत्तीस वर्षं जे हात अशा वेळी आपोआप मंद व्हायचे ते मंद व्हायला निघाले. काकांनी ते रेटले. पियानो पुढे गेला आणि ती मागे राहिली. दोन सूर तिच्या हातून गेले, अगदी उघडे पडले. काकांनी मान वळवली नाही. वळवली असती तर थांबले असते. तिसऱ्या सुराला ती येऊन मिळाली. शेवटच्या ओळीच्या आधी दोघे एकत्रच होते, आणि तिथे कोणी थांबलं होतं की नाही हे काकांना आजही सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर ती त्यांच्यासाठी थांबली नाही. जिना उतरून गेली.

निकाल चार दिवसांनी आला. सदुसष्ट. केंद्रप्रमुख बाईंनी तिला फोन केला तेव्हा काका समोरच बसले होते. पलीकडून तिचं ओरडणं त्यांना ऐकू आलं, मागे घासणीच्या चाकाचा आवाजही आला, आणि मग तो आवाज बंद झाला. तिने काकांसाठी निरोप ठेवला होता. बाईंनी तो जसाच्या तसा सांगितला, "सांगा, दोन सूर गेले त्याचा मला अजून राग आहे. पण ते माझेच गेले."

"आता हे ऐका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी परीक्षकाच्या शेऱ्याचा कागद पुढे ओढला. "'उमेदवाराची लय स्वतंत्र व भक्कम. मधल्या भागातील अडखळण्यातून उत्तम सावरले.' इथपर्यंत झकास. पुढे लिहिलंय, 'साथीदाराने उमेदवाराकडे अधिक लक्ष द्यायला हवे.'"

काकांनी कागद हातात घेऊन स्वतः वाचला.

"यावर केंद्राने खुलासा द्यायचा असतो," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्ही थांबलात म्हणून लिहून दिलं. आता थांबला नाहीत म्हणून लिहायचं. मी काय लिहू, काका?"

"तुम्हाला काय वाटतं, मी थांबायला हवं होतं?"

"मला संगीतातलं कळत नाही. मी फॉर्म भरते."

काकांनी खिडकीतून खाली बघितलं. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मागे घेताना कोणीतरी तिसऱ्यांदा कठड्याला टेकवत होतं, आणि शेजारी बसलेला शिकवणारा दोन्ही हात मांडीवर ठेवून होता.

"लिहा, सूचना मान्य," ते म्हणाले.

"आणि पुढच्या परीक्षेला?"

"पुढच्या परीक्षेला कोण आहे?"

बाईंनी यादी बघितली. "पहिला एक क्लॅरिनेटवाला. नवीनच आहे. तुम्ही त्याला कधी ऐकलेलं नाही."

"मग त्याला जरा लवकर बोलवा," काका म्हणाले. "त्यालाच विचारतो."